ब्रश पेशंटच्या हातात द्या: दवाखान्यात दात घासायला कसं शिकवायचं

स्केलिंग (दातांवरचं किटण काढणं) झालं, पेशंटने चूळ भरली, डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले, "दोन वेळा ब्रश करा, गोल गोल फिरवा." पेशंटने मान हलवली, पैसे दिले आणि तो स्टेशनच्या दिशेने निघाला. सहा महिन्यांनी तो परत येतो तेव्हा खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला तेवढंच किटण. पेशंट निष्काळजी आहे असं म्हणून विषय संपवता येतो, पण बहुतेक वेळा त्याला कोणी शिकवलेलंच नसतं, फक्त सांगितलेलं असतं. दात घासणं हे हाताचं काम आहे आणि हाताला वळण ब्रश धरूनच लागतं. म्हणून पुढे जे काही लिहिलं आहे त्याचा गाभा एकच: पेशंटचा ब्रश, पेशंटच्या हातात, त्याच्याच तोंडात, आरशासमोर.

यासाठी दहा मिनिटं लागतात. एका खुर्चीच्या दवाखान्यात संध्याकाळी सात ते नऊ या गर्दीच्या वेळात दहा मिनिटं काढणं अवघड आहे, हे मान्य. पण हे काम डॉक्टरांनीच करायला हवं असं नाही. हायजिनिस्ट (दातांच्या स्वच्छतेचं प्रशिक्षण घेतलेला सहकारी) असेल तर उत्तम, नसेल तर नीट तयार केलेली सहाय्यक ताई ते करू शकते. अनेकदा जास्त चांगलं करते, कारण पेशंट तिच्याशी मोकळेपणाने बोलतो. यासाठी दुसरी खुर्चीही लागत नाही, बेसिनपाशी उभं राहून शिकवता येतं. खरं तर तिथेच शिकवावं, कारण घरी कोणी आडवं पडून दात घासत नाही.

वेळ कोणती निवडायची हे महत्त्वाचं आहे. स्केलिंगनंतर शिकवू नका. तेव्हा दात स्वच्छ असतात, त्यामुळे दाखवायला काही उरलेलं नसतं. हिरड्या दुखत असतात, कधी तोंड बधिर असतं आणि पेशंटला घरी जायचं असतं. स्केलिंगच्या आधी, तोंडात त्याचा रोजचा थर जसाच्या तसा असताना शिकवा.

अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं

फोनवर वेळ देताना एक वाक्य वाढवा: "येताना तुमचा घरचा ब्रश धुऊन डबीत घालून आणा." हा ब्रश बरंच काही सांगतो. महिन्याभरातच केस बाहेरच्या बाजूला फाकले असतील तर माणूस जोर लावून घासतो. सहा महिने जुना ब्रश नव्यासारखा दिसत असेल तर तो फारसा वापरलाच जात नाही. केसांच्या मुळाशी पेस्टचा पांढरा थर असेल तर ब्रश नीट धुतला जात नाही. 'हार्ड' असं छापलेलं असेल तर मऊ ब्रश घ्यायला तिथेच सांगा. ऑफिसमधून थेट आलेल्या पेशंटकडे ब्रश नसणार, म्हणून दवाखान्यात मऊ केसांचे, छोट्या डोक्याचे नवे ब्रश ठेवावेत.

बाकीचं सामान थोडंच आहे: तळहातापेक्षा मोठा हातातला आरसा, दातांचं मॉडेल, प्लाक (दातांवरचा मऊ, चिकट थर) रंगवणारं द्रावण, कापसाचे बोळे, पेट्रोलियम जेली, फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा), दोन दातांमधले छोटे ब्रश तीन-चार मापांत, आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. मॉडेलवर एकदाच, अर्धा मिनिट दाखवा. त्यापेक्षा जास्त वेळ मॉडेलवर घालवला की पेशंट प्रेक्षक होऊन बसतो.

रंग लावून दाखवा

"तुमच्या दातांवर थर आहे" असं सांगण्यात आणि तो थर गुलाबी-जांभळा झालेला आरशात दिसण्यात फार फरक आहे. दवाखान्यात करता येण्याजोग्या गोष्टींत एवढी परिणामकारक दुसरी नाही, आणि वेळ नाही म्हणून सगळ्यात आधी हीच गाळली जाते.

रंगाची किंवा कशाचीही अॅलर्जी आहे का ते आधी विचारा. ओठांना पेट्रोलियम जेली लावा; पुढच्या दातांत दाताच्या रंगाचं फिलिंग असेल तर त्यावरही लावा, नाहीतर त्याच्या कडा रंगून राहतात. छातीवर नॅपकिन बांधा. पांढऱ्या शर्टावर एक थेंब पडला तर पेशंट पुढच्या वेळी रंग लावू देणार नाही. बोळ्याने सगळ्या दातांना आतून-बाहेरून द्रावण लावा, थोडा वेळ थांबा आणि एकदाच हलकी चूळ भरायला सांगा. जोरात खळखळून चूळ भरली तर सैल थर निघून जातो आणि चित्र खोटं चांगलं दिसतं. जिभेवर रंग काही वेळ राहतो, हेही आधीच सांगा. इथून कोणी लग्नाच्या हॉलवर जाणार असेल तर रंग पुढच्या भेटीसाठी ठेवा. दोन रंगांचं द्रावण असेल तर ताजा थर गुलाबी आणि दोन दिवसांहून जुना थर निळा-जांभळा दिसतो. "हा भाग परवापासून घासलाच गेलेला नाही" हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मोजा. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरायच्या: पुढची, मागची, गालाकडची आणि जिभेकडची. २८ दात असतील तर ११२ बाजू. हिरडीच्या कडेला रंग आलेल्या बाजू ५२ असतील तर ५२ भागिले ११२ गुणिले १००, म्हणजे सुमारे ४६ टक्के. ओ'लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि तिचं लक्ष्य १० टक्के किंवा त्याहून कमी असं आहे. पहिल्याच महिन्यात कोणी तिथे पोहोचत नाही. ४६ वरून २५ वर आलेल्या पेशंटला ते आकडे कार्डावर दाखवा. त्याला तो स्वतःचा निकाल वाटतो. सगळे दात मोजायला वेळ नसेल तर रॅमफ्योर्डने सगळ्या तोंडाचा नमुना म्हणून निवडलेले सहा दात घ्या, दंतवैद्यांच्या क्रमांकांनुसार: १६, २१, २४, ३६, ४१ आणि ४४. सहा दात, २४ बाजू, दोन मिनिटं.

एक पथ्य पाळा. रंग दिसला की काही पेशंट ओशाळतात, विशेषतः सोबत सून किंवा जावई असेल तर. "बघा, किती घाण!" असं कधीही म्हणू नका. "काका, समोरचे सगळे दात छान घासले गेलेत. हा कोपरा तेवढा ब्रशला सापडत नाहीये, तो कसा पकडायचा ते बघू," असं म्हणा. हे खोटं कौतुक नाही, समोरचे दात बहुतेकांचे खरोखर बरे असतात.

हाताचं काम

आधी न टोकता बघा. पेशंटला बेसिनपाशी उभं करा, पेस्ट न लावता त्याच्या नेहमीच्या पद्धतीने घासायला सांगा आणि घड्याळ बघा. स्वतःच्या अंदाजाने तो दोन मिनिटं घासतो, घड्याळात बहुधा मिनिटभरही होत नाही. पेस्ट मुद्दाम लावायची नाही, कारण फेसात काही दिसत नाही आणि पुदिन्याच्या थंडाव्याने काम झाल्यासारखं वाटतं.

मग दुरुस्ती. मुठीत धरलेला ब्रश पेनासारखा धरायला लावा. दाब लगेच कमी होतो. केस दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे ४५ अंशांनी टेकवायचे, अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. 'पंचेचाळीस अंश' हे शब्द पेशंटला बोलू नका, "केसांची टोकं हिरडीच्या कडेत हलकेच शिरली पाहिजेत" असं सांगा. तिथेच, जागा न सोडता, दहा-बारा वेळा थरथरल्यासारखं हलवायचं आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढून घ्यायचं. वर हिरडीकडून खाली, खाली हिरडीकडून वर. एका वेळी दोन-तीन दात. ही डॉ. बास यांच्या पद्धतीची थोडी बदललेली आवृत्ती आहे. ती सगळ्यांना जमत नाही. हात थरथरणाऱ्या आजोबांना छोटी छोटी वर्तुळं पुरेशी आहेत. पद्धतीच्या नावापेक्षा रंग गेला का, ते बघा.

नेमकं काय चुकतं, तर पहिली चूक वरच्या शेवटच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला होते. तिथे पोहोचायला माणूस तोंड मोठं उघडतो आणि जबड्याचं हाड पुढे येऊन जागा बंद करतं. तोंड अर्धं मिटून जबडा त्याच बाजूला सरकवायला सांगा; ब्रश आपोआप आत जातो. ही एक युक्ती शिकवली तरी भेट सार्थकी लागली. दुसरी जागा खालच्या दाढांची जिभेकडची बाजू. जीभ ढकलते, उमासा येतो, म्हणून लोक ती सोडून देतात. छोटं डोकं, नाकाने संथ श्वास, आणि मागून सुरुवात न करता पुढून हळूहळू मागे जाणं, असं करून बघा. तिसरी जागा खालच्या पटाशीच्या दातांच्या आत. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून तिथे किटण लवकर धरतं. ब्रश उभा धरून टोकाच्या केसांनी वर ओढायचं. चौथी जागा सुळ्याचा कोपरा: कमान वळते, पण हात वळत नाही. उलट उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या सुळ्यापाशी हिरडीलगत खाच पडलेली दिसली, तर तिथे आडवा घास जास्त होतोय.

क्रमही उलटा करायला सांगा. सगळे समोरच्या दातांपासून सुरू करतात आणि आतल्या बाजूला येईपर्यंत कंटाळतात. खालच्या आतल्या बाजूपासून सुरुवात, हसताना दिसणारे दात शेवटी. ते कोणी विसरत नाही.

रंग पूर्ण निघेपर्यंत पेशंटनेच घासायचं आहे. तुम्ही ब्रश हातात घेतलात की शिकणं थांबतं. फार तर त्याच्या हातावर हात ठेवून कोन दाखवा. शेवटी पेशंटला म्हणा, "ताई, आता घरी मिस्टरांना कसं सांगाल ते मला सांगून दाखवा." कुठे अडखळतात ते लगेच कळतं.

दोन दातांमधली फट

इथे एका भेटीत एकच साधन. तरुण पेशंट, फटी बंद, तर फ्लॉस: साधारण ४५ सेंटिमीटर तुकडा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळलेला, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळा. करवतीसारखा मागेपुढे करत आत न्यायचा, खटकन दाबायचा नाही, नाहीतर हिरडी कापते. आत गेला की एका दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा वेढून वर-खाली, मग शेजारच्या दाताला तसंच.

चाळिशीपुढे, हिरड्या खाली गेलेल्या असतील तर छोटा इंटरडेंटल ब्रश जास्त उपयोगी. माप दवाखान्यातच ठरवा: किंचित घट्ट जायला हवा, पण तार दाताला घासता कामा नये. पुढच्या आणि मागच्या दातांना बहुधा दोन वेगळी मापं लागतात. त्या मापाच्या ब्रशचा रंग चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर केमिस्टकडे जे असेल ते घेतलं जातं, आत जात नाही आणि ड्रॉवरमध्ये पडून राहतं. टूथपिक आणि सेफ्टी पिन बंद.

"रक्त येतं म्हणून तिथे घासत नाही"

हे वाक्य मुंबईच्या कुठल्याही दवाखान्यात आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकू येतं, आणि त्याचं उत्तर तयार हवं. रक्त घासल्यामुळे येत नाही, थर साचून हिरडी सुजल्यामुळे येतं. डेन्मार्कमध्ये लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं थांबवायला लावलं; दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. पेशंटला एवढंच सांगा: "मऊ ब्रशने तिथेच रोज घासा. पहिले दोन-चार दिवस रक्त येईल, मग कमी होईल. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर परत या." रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, बाई गरोदर आहे का, हे याच वेळी विचारून घ्या. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात ठेवणं अवघड करते.

दुसरी समजूत: "क्लीनिंग केलं की दात हलतात, फटी पडतात." फट किटणाने आधीच पाडलेली असते आणि किटणानेच ती बुजवलेली असते. किटण निघालं, सूज उतरली की ती दिसते. हे स्केलिंगच्या आधी, आरशात किटण दाखवून सांगितलं तर ती माहिती ठरते. नंतर सांगितलं तर पेशंटला ती सबब वाटते.

हिरड्यांसाठी क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के (जंतुनाशक माउथवॉश) लिहून दिलंत तर नियमही लिहून द्या: १० मिलिलिटर, एक मिनिट, दोन वेळा, साधारण दोन आठवडे, आणि पेस्टपासून किमान अर्ध्या तासाचं अंतर. चहा जास्त पिणाऱ्याच्या दातांवर तपकिरी डाग येतात. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट औषध सोडतो आणि दवाखानाही.

पेस्ट, मशेरी आणि चहा

मुंबईचं पाणी तलावांतून येतं आणि त्यात फ्लोराइड मिसळलं जात नाही. त्यामुळे कीड रोखणारं फ्लोराइड पेस्टमधूनच मिळायला हवं. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड चालतं आणि तो आकडा ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. पेशंटला ट्यूबवर तो शोधायला लावा. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टवर तो सापडत नाही, तेव्हा वेगळं काही बोलावं लागत नाही. घासून झाल्यावर थुंकायचं, पण भरपूर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून हा बदल जड जातो. "एकच छोटी चूळ" अशी तडजोड पहिल्या महिन्यात चालेल.

मशेरीबद्दल थेट विचारा, पण एकांतात आणि नेमक्या शब्दात. "तंबाखू खाता का?" याला अनेक बायका प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची पूड. "मावशी, सकाळी मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, असं त्या सांगतात. ती निकोटिनची सवय आहे. उपदेशाने ती सुटत नाही. दुपारची, मग संध्याकाळची वेळ आधी काढा, त्या वेळेला ब्रश द्या, आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी मोफत क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक कार्डावर लिहा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतच राहतात. अशा प्रत्येक पेशंटचे गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग तपासा, आणि तोंड पुरेसं उघडतं का हे कळण्यासाठी त्याची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघा. जात नसतील किंवा बरा न होणारा पांढरा-लाल चट्टा असेल तर ब्रशचा धडा बाजूला ठेवा आणि चिठ्ठी द्या: मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय.

चहाबद्दल "गोड बंद" सांगून उपयोग नाही. किती वेळा, ते विचारा. प्रत्येक गोड घोटानंतर दातांवरचा थर काही मिनिटांत आम्लधर्मी होतो आणि लाळेला तो सावरायला अर्धा ते एक तास लागतो. दिवसातून सहा कटिंग, प्रत्येकाबरोबर बिस्किट, म्हणजे दाताला सावरायला वेळच नाही. दोन चहा बिनसाखरेचे करा किंवा जेवणाला जोडा. बिस्किट दाढेच्या खाचेत चिकटून बसतं, त्यामुळे सोडायचंच असेल तर आधी बिस्किट.

मुलं

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आईबाबांनीच करायचा. आधी मूल घासेल, मग मोठ्यांनी एकदा फिरवायचा. लहान बाळासाठी दोघांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, बाळाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याकडे. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात, म्हणून ओठ उचलून बघायला आईला शिकवा. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. ती दुधाचीच समजून सोडली जाते. ती आयुष्यभराची आहे. आईचं बोट तिथे नेऊन लावा.

रात्रीची वेळ ठरवून द्या, मगच निरोप

सकाळचा ब्रश मुंबईकर चुकवत नाही. चुकतो तो रात्रीचा: विरार किंवा बदलापूरला घरी पोहोचेपर्यंत दहा वाजलेले, जेवण, आणि डोळे मिटायला लागलेले. "झोपण्यापूर्वी" ही वेळ म्हणूनच फसते. ब्रश एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा, आणि ते काम पेशंटलाच निवडू द्या. कोणी ओटा आवरल्यावर, कोणी ताट ठेवून हात धुतानाच, कोणी फोन चार्जिंगला लावताना. चाळीत नळ बाहेर असेल तर एक तांब्या आणि मोरी पुरते. हे निवडलेलं काम कार्डावर त्याच्याच शब्दांत लिहा.

एका भेटीत एकच बदल. पहिल्यांदा कोन आणि क्रम, एक ते दोन आठवड्यांनी फट, महिन्याने पुन्हा रंग आणि मोजणी, मग तीन महिन्यांनी. कार्डावर चार गोष्टी पुरेत: तारीख, टक्के, रंग राहिलेल्या जागा आणि या वेळी दिलेला एक बदल. पुढच्या भेटीला ताई बदललेली असली तरी तिने पहिला प्रश्न त्या कार्डावरूनच विचारायचा: "काका, चार्जिंगला लावताना ब्रश होतोय का?" नाही म्हणाले तर रागवायचं नाही, दुसरं काम शोधायचं, आणि ब्रश पुन्हा त्यांच्या हातात द्यायचा.